घरटी पाच भाकरी : आपल्या संग्रहालयाच्या पंगतीची गोष्ट

मंडळी, पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा, पण येत्या रविवारच्या बैठकीआधी वाचा.

आपल्या संग्रहालयाच्या मागच्या खोलीवर गेल्या पावसाळ्यापासून निळी ताडपत्री आहे. कौलं सरकलीत, दोन वासे कुजलेत. मोडी कागदांचं कपाट आपण ओढून मधल्या भिंतीला लावलंय, पण पाऊस काही विचारून येत नाही. गवंड्यानं खर्च सांगितलाय चार लाखांच्या आसपास. आणि आपल्या वार्षिक पंगतीच्या पेटीत मागच्या साली जमले एकतीस हजार. पेटी मोजायला मीही होतो, त्यात दहाच्या नोटा किती होत्या तेही मला माहिती आहे.

म्हणून समितीत प्रस्ताव आलाय. यंदा पंगत नको, बुफे करू. केटरर बोलवू, पाचशेचं कूपन ठेवू, एका दात्याचा फलक लावू. ज्यांनी हे मांडलं ते गावाचे वैरी नाहीत. त्यांचा हिशोब सरळ आहे. छप्पर पैशानं होतं, भाकरीनं होत नाही.

मला त्यांच्याशी भांडायचं नाही. फक्त ही पंगत म्हणजे काय, ती आली कुठून आणि तिच्यात आपण काय कमावलं, एवढं सांगायचंय. कारण नवीन पोरांना वाटतं, हा एक जेवणाचा कार्यक्रम आहे.

आधी ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी. पौषातल्या एका शनिवारी, संध्याकाळी, संग्रहालयाच्या अंगणात दोन चुलवणं पेटतात. एकावर पिठलं, दुसऱ्यावर आमटी. बाकी ठेचा, कांदा, शेंगदाण्याची चटणी. भाकरी मात्र तिथं होत नाही. ती घराघरातून येते, घरटी पाच. ताट-वाटी आपापली आणायची. जेवायच्या आधी नाहीतर नंतर दोन्ही खोल्या बघायच्या, जाताना पेटीत जमेल ते टाकायचं. कुणी किती टाकले ते कुणी बघत नाही. मी पाचवीत होतो तेव्हा एका चित्रकलेच्या सरांनी जमवलेल्या वस्तूंवर हे संग्रहालय उभं राहिलं आणि दुसऱ्याच वर्षी पंगत सुरू झाली. तेव्हा खर्च होता कपाटांच्या काचांचा.

पहिल्या खोलीत दारालगत लाकडी-पितळी मापं मांडलीत. पोरं ती बघून पुढं जातात. जरा थांबा तिथं. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. गावागणिक मापात थोडा फरक असायचा, त्यावरून भांडणंही व्हायची. १९५६ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्यानं किलो-लिटर आले आणि ही मापं माळ्यावर गेली. पण त्याआधी कित्येक पिढ्या गावानं देवाला, बलुतेदाराला, शाळेला, जत्रेला जे दिलं ते याच मापांनी मोजून दिलं. रोकड सावकाराकडं असायची, कुणब्याकडं धान्य. वर्गणी म्हणजे पैसे हा अलीकडचा अर्थ. आधी वर्गणी म्हणजे शिधा.

जुन्नर तालुक्यातल्या आणे गावी रंगदासस्वामींच्या यात्रेला आजही आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो. आमटी मोठमोठ्या कढयांत तिथं शिजते आणि भाकरी आजूबाजूच्या गावांतून, घराघरातून येतात. म्हणजे आपली पद्धत काही आपण शोधून काढलेली नाही. देवाच्या अंगणातली रीत आपल्या सरांनी संग्रहालयाच्या अंगणात आणली, एवढंच.

थेंबाथेंबानं सार्वजनिक काम उभं करायचं, ही गोष्टही महाराष्ट्राला नवीन नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे नावाच्या माणसानं पैसा फंड काढला. माणशी वर्षाला एक पैसा. लोक हसले. पण लोकमान्य टिळकांनी पाठिंबा दिला, स्वयंसेवक गावोगाव हिंडले आणि १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला. पैशापैशाचा कारखाना!

आणि आपल्या जिल्ह्याचं तर काय सांगावं? भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ ला कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली. वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एकत्र रांधायची, एकत्र जेवायची. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या बोर्डिंगाला राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. पण नाव देऊन पोट भरत नाही. पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. आणि गावोगाव मुष्टिफंड निघाला. घरात दळणाला घेताना बाईनं एक मूठ धान्य वेगळ्या मडक्यात टाकायचं, महिन्यानं ते बोर्डिंगाला जायचं. आज जी संस्था आपण कॉलेजांच्या पाट्यांवर वाचतो तिच्या पायात त्या मुठी आहेत.

आता संग्रहालयाकडं येतो.

आपल्या जिल्ह्यात इतिहासाची साधनं राखायचे दोन नमुने आहेत. एक औंधचा. बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, संस्थानचे राजे. त्यांनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर भवानी संग्रहालय उभं केलं. रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्प आहे. ज्यांनी अजून बघितलं नाही त्यांनी एकदा एसटीनं जाऊन यावं. राजा रसिक असला की काय होतं ते कळतं.

दुसरा नमुना वाईचा. इतिहासाचार्य राजवाड्यांना वाईला एरंडे यांच्या घरी जुन्या कागदांचं घबाड सापडलं. त्यातून १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. पानिपताच्या मोहिमेची पत्रं त्यात आहेत. हा माणूस पुढं आयुष्यभर दप्तरं शोधत गावोगाव फिरला. राजा नाही, पगार नाही. त्याची स्पर्धा होती ती वाळवीशी, पावसाशी आणि वाण्याच्या दुकानाशी, कारण लोक जुने रुमाल सोडून कागद रद्दीत घालत होते. त्या कागदांत जिरं-मोहरी बांधून दिली जायची.

आपल्या गावाला राजा नव्हता. आपलं संग्रहालय वाईच्या वाटेनं जाणारं. मागच्या खोलीतल्या त्या कपाटातले दोन रुमाल सरांनी अशाच एका दुकानातून किलोच्या भावानं सोडवून आणलेत. आज त्यांच्याच डोक्यावर ताडपत्री आहे. वाण्याच्या तावडीतून सुटून पावसात सापडले!

इथवर सगळं गोड आहे. पंगतीचं कौतुक करणारा माणूस साधारण इथंच थांबतो. मीही अकरा वर्षं इथंच थांबलो होतो.

पंगत या शब्दातच ओळ आहे. आणि आपल्याकडं ओळ म्हटली की कुणाची, कुठं आणि कुणाच्या नंतर, हे प्रश्न आलेच. कुणाबरोबर जेवायचं यावर आपल्या समाजानं जेवढी डोकी फोडली तेवढी क्वचितच दुसऱ्या कशावर फोडली असतील. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटं दिली गेली. हजर असलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. नावं छापून आली आणि केवढं ग्रामण्य झालं! एक कप चहा, आणि प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. ही वरच्या जातींतल्या शिकलेल्या माणसांची कथा. खालच्यांची काय असेल?

ती आपल्याच जिल्ह्यात घडलीय. भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा साताऱ्याच्या सरकारी शाळेत होता, ७ नोव्हेंबर १९०० चा त्याचा दाखला. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. १९०१ मध्ये ही पोरं नवे कपडे घालून त्यांना भेटायला निघाली, मसूरच्या स्टेशनावर उतरली. घ्यायला कुणी आलं नव्हतं. जात कळल्यावर गाडीवानांनी नकार दिला. शेवटी दुप्पट भाड्यावर एकजण तयार झाला, तो पायी चालणार आणि पोरांनी गाडी हाकायची. त्यांच्याजवळ जेवणाचा डबा भरलेला होता. पण वाटेत प्यायला कुणी पाणी देईना. म्हणून भरला डबा शेजारी ठेवून ती पोरं उपाशी झोपली. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. मसूर आपल्यापासून काही लांब नाही. त्या वाटेनं मी मोटरसायकलवर शेकडो वेळा गेलोय.

हे मोडायचे प्रयत्नही जेवणातूनच झाले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळेंना चहाचं दुकान काढून दिलं आणि स्वतः तिथं थांबून चहा घेऊ लागले, सोबतच्यांनाही पाजू लागले. राजानं हुकूम काढता आला असता. पण कपाला ओठ लावणं हे हुकमापेक्षा मोठं. पुढं अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकर सत्यनारायण सुरू केले. पूजेला दलित जोडपं बसवायचं आणि प्रसाद म्हणून शिरा नाही, झुणका-भाकर, सगळ्यांनी एकत्र खायची. हे गद्रे मूळचे पत्रकार. म्हणून मला त्यांचं विशेष वाटतं, आणि म्हणूनच पुढचं लिहिताना लाजही वाटते.

पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी गावात परतलो आणि तालुका वार्ताहर झालो. दरवर्षी पंगतीची बातमी मी दिली. मागं एकदा जुनी कात्रणं काढून बसलो होतो. अकरा बातम्या. अकराही बातम्यांत एक वाक्य जसंच्या तसं : ‘सर्व समाजातील नागरिकांनी मोठ्या संख्येने लाभ घेतला.’

ते खोटं होतं. ठरवून लिहिलेलं खोटं नव्हे. न बघता लिहिलेलं होतं, आणि आमच्या धंद्यात ते जास्त वाईट. ओढ्यापलीकडच्या वस्तीतून भाकरी यायच्या. एखादं पोर फडक्यात बांधून फाटकापर्यंत आणायचं, देऊन परत जायचं. जेवायला कुणी थांबत नव्हतं. आणि भाकरी वाढणाऱ्यांच्या हातात काही फडकी वेगळी राहायची, हेही डोळे उघडे ठेवले असते तर दिसलं असतं.

मला ते दाखवलं एका निवृत्त गुरुजींनी. वस्तीतलेच ते. एका वर्षी संग्रहालयाची पडकी भिंत त्यांच्या भावानं मजुरी न घेता बांधून दिली. पंगतीच्या दिवशी मी त्यांना म्हटलं, “गुरुजी, थांबा की जेवायला.” ते म्हणाले, “जेवून आलोय.” दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. चहा झाला. मग हळूहळू बोलले. त्यांच्या लहानपणी गावजेवण असलं की त्यांची माणसं बाहेर बसायची. सगळ्या पंगती उठल्या की उरलेलं घरच्या भांड्यात वाढून मिळायचं. वडील ते आणायचे आणि आई तोंड फिरवून बसायची.

मी म्हटलं, “पण गुरुजी, संग्रहालयात तुम्हाला कुणी हाकललं नसतं.”

“हाकललं नसतं, खरंय,” ते म्हणाले. “पण बोलवायलाही कुणी आलं नाही.”

आणि जाताना दारात म्हणाले, “आमची भाकरी तुमच्या टोपल्यात चालते. मग आमची एक तरी वस्तू तुमच्या कपाटात आहे का, ते बघा.”

मी येऊन बघितलं. समया, अडकित्ते, तलवारी, पैठणीचा तुकडा, पानदान, वाड्याच्या दाराचं कोरीवकाम. सगळं वाड्यातलं. गावाचं संग्रहालय म्हणत होतो, आणि निम्मं गाव त्यात नव्हतंच.

पुढच्या वर्षी दोन गोष्टी बदलल्या. समितीतली चार माणसं आमंत्रणाला घरोघर गेली आणि सुरुवात वस्तीपासून केली. दुसरी गोष्ट वाटणाऱ्या मावशींनी सुचवली. फाटकापाशी एकच मोठी टोपली ठेवायची. आलेली भाकरी फडक्यातून सोडून तिच्यात टाकायची आणि हातानं खालीवर करायची. मग कुणाच्या ताटात कुणाच्या घरची भाकरी, देवालाही कळू नये.

त्या वर्षी काही घरांनी भाकरी पाठवली नाही. दोघं-तिघं आले, पिठलं घेतलं, भाकरीला नको म्हणाले, पोट बरं नाही म्हणाले. मी त्यांची नावं लिहिणार नाही. त्यातला एकजण तिसऱ्या वर्षी न बोलता येऊन ओळीत बसला, तेही मला लिहायचंय. आणि त्या पहिल्या रात्री गुरुजी बायको-नातवंडांना घेऊन आले. ओळीत मध्यावर बसले. मी समोर वाढायला होतो. बातमीत काय लिहावं ते मला त्या दिवशी सुचलं नाही. शेवटी मी लिहिलं, ‘पंगत झाली.’ ते जुनं वाक्य गाळलं.

मग वस्तू यायला लागल्या. एक हलगी आली, कडं घासून गुळगुळीत झालेलं. लोहाराचा भाता आला. बुरुडाची सुपं-डाली आली, ज्यांत आपल्या सगळ्यांचं धान्य पाखडलं गेलं. एका घरातून पहिल्या महायुद्धातलं पणजोबांचं पदक आलं. १९१७ मध्ये महारांची वेगळी पलटण उभी केली गेली आणि १९२१ मध्ये मोडली गेली, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण त्या पदकाची सुती दोरी आणि तिला लागलेलं तेल-हळद पुस्तकात नव्हतं. त्या घरानं ते देव्हाऱ्यात ठेवलेलं होतं. ते काढून आपल्या हातात दिलं. असल्या वस्तू नोटीस लावून मिळत नाहीत मंडळी. ज्या घरात तुम्ही जेवता, ते घर तुम्हाला देव्हारा दाखवतं.

म्हणून बुफे म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं ती टोपली येते. केटरर आला की भाकरी त्याची. मग टोपली नको, घरोघर जाणं नको. पाचशेचं कूपन म्हटलं की चार माणसांच्या घराला दोन हजार. वस्तीतलं घर ते देणार नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्या आळीतली अर्धी घरंही देणार नाहीत. आतली माणसं आत आणि बाहेरची फाटकात, ही जुनी रीत आपण नव्यानं आणू, या वेळी जातीऐवजी कुपनाच्या नावानं. आणि पुन्हा कुणी कुणाला हाकललेलं नसेल.

पण छपराचं काय? हा प्रश्न टाळला तर मी लबाड ठरेन. एकतीस हजारांत चार लाखांचं छप्पर होत नाही. पैसा फंडाची आणि मुष्टिफंडाची गोष्ट सांगून वासे बदलत नाहीत. शिवाय भाऊरावांनीही मोठ्या देणग्या नाकारल्या नव्हत्या. मुठीही घेतल्या आणि थैल्याही घेतल्या. तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे.

छपराचा निधी वेगळा काढू. ज्या दात्याला द्यायचंय त्यानं पावती घेऊन द्यावं, पुढच्या भिंतीवर सगळ्या देणगीदारांची नावं एकाच मापाच्या अक्षरात लिहू. मुंबई-पुण्याला असलेल्या आपल्या पोरांना सांगू. सरकारी मदतीसाठी अर्ज करू, तो लिहायचं काम माझ्याकडं. एका वर्षात नाही झालं तर आधी कागदांच्या खोलीवरची कौलं आणि दोन वासे, उरलेलं पुढच्या साली. आणि पंगत आहे तशी राहू द्या. तिच्या पेटीतल्या दहाच्या नोटांनी छप्पर होत नसेल, पण त्या छपराखाली काय ठेवायचं ते तिनं ठरवलंय.

कुणाला हे पटणार नाही. बैठकीत बोला, इथं खालीही बोला. फक्त माणसांवर जाऊ नका, प्रस्ताव मांडणारेही आपलेच आहेत, आणि मागच्या पावसाळ्यात भर रात्री ती ताडपत्री बांधायला शिडीवर तेच चढले होते. मी खाली टॉर्च धरून होतो.

रविवारी सकाळी दहाला, संग्रहालयाच्या अंगणात. पाऊस नसला तर बाहेर बसू. गुरुजी येणार आहेत. तब्येत बरी नसते आता, पण येतो म्हणालेत.

आणि पंगत ठरली तर, आपल्याला माहितीच आहे. घरटी पाच भाकरी, आपलं ताट, आपली वाटी. माळ्यावर एखादी जुनी वस्तू पडली असेल तर तिचा भाव विचारत बसू नका. ती कुणी वापरली, कशासाठी वापरली, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून तेवढं लिहून आणा. सांगणारं माणूस गेलं की वस्तू मुकी होते. छप्पर गळायच्या आधी हे नुकसान होतं, आणि त्याला ताडपत्री मिळत नाही.